मसुदा लिहिणारे कायदेपंडित
वकील लोकशाहीच्या कामी येतो तो निवडणूक लढवून किंवा जनहित याचिका लावून, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. मसुदा लिहिणारी माणसं त्यात सुटतात. बेनेगल नरसिंग राव संविधान सभेचे सदस्यही नव्हते, सल्लागार होते. पण मसुदा समितीसमोर आलेला पहिला कच्चा मसुदा त्यांचा. आणि मुख्य मसुदालेखक एस. एन. मुखर्जी! २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी श्रेयाचा वाटा या दोघांना नाव घेऊन दिला. गुंतागुंतीचे प्रस्ताव सोप्या, स्पष्ट कायदेशीर भाषेत मांडण्याची मुखर्जींची हातोटी क्वचितच कुणात सापडेल, असं ते म्हणाले.

कलमातला एक संदिग्ध शब्द नागरिकाला वर्षानुवर्षं कोर्टात खेपा घालायला लावतो. कायदा शिकणाऱ्या मुलांना या कामाकडेही वळवायला हवं.