मुलाला पोलिस ठाण्यात मारलं, पण केस पेपरवर "जिन्यावरून पडला" असं आलंय. आता काय करू?

पोळीभाजीवाली, लालबाग
नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आमची चाळीत दहा बाय बाराची खोली आणि खाली गाळ्यात माझं पोळीभाजी केंद्र. मुलगा २२ वर्षांचा, कुरिअरचं काम करतो.

सोमवारी रात्री साडेदहाला तो जेवायला बसला होता. साध्या कपड्यांतले दोघं आले. "मोठ्या साहेबांनी बोलावलंय, पाच मिनिटांत सोडतो." नोटीस नाही, कागद नाही. मोटरसायकलवर मध्ये बसवून घेऊन गेले. हे टॅक्सी करून मागे गेले म्हणून कळलं तरी कुठे नेलं ते. ते ठाणं आमच्या हद्दीतलंसुद्धा नाही.

पावणेतीनला सोडलं. तोवर हे बाहेरच्या बाकड्यावर. सोडताना ह्यांच्याकडून लिहून घेतलं, "मुलगा सुखरूप ताब्यात मिळाला, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही." ह्यांनी सही केली. मी ह्यांना बोल लावत नाही, त्या वेळी मीही केली असती.

मुलगा ह्यांच्या चपला घालून घरी आला, स्वतःचे बूट हातात. पायात जातच नव्हते. दोन्ही तळवे टाचेपासून चवड्यापर्यंत वांग्याच्या सालीसारखे जांभळे. पायाची बाहेरची कड टेकवत चालत होता, उन्हात तापलेल्या गच्चीवर लहान मुलं चालतात ना, तसं. पहिल्या मजल्यावरच्या खोलीत पट्ट्याने मारलं म्हणतो. एका बिल्डिंगमधून मोबाईल चोरीला गेला आणि त्या दुपारी हा तिथे पार्सल द्यायला गेला होता, एवढाच काय तो संबंध. दोनच्या सुमाराला कोणाचा तरी फोन आला, दुसराच पोरगा सापडला म्हणे. मग लगेच, "चहा घेणार का रे?"

सकाळी महापालिकेच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी विचारलं कशाने लागलं, तर हा म्हणाला जिन्यावरून पडलो. मी शेजारी उभी आणि माझ्याही तोंडातून शब्द फुटला नाही. पेपरवर तेच लिहून आलं. मग धीर करून ठाण्यात गेलो. ड्यूटी ऑफिसर म्हणाले, "एनसी घेऊ का? घेतो की. कोणाविरुद्ध घेऊ? नाव सांगा." (एनसी म्हणजे नुसती अदखलपात्र तक्रारीची नोंद.) नाव कुठून आणू? त्या दोघांच्या छातीवर पाटी नव्हती. मुलाचा फोन अजून त्यांच्याकडेच आहे, पावती दिली नाही.

आज गुरुवार. चाळीत सगळे म्हणतात गप्प बसा, पोराने पासपोर्टला अर्ज केलाय, व्हेरिफिकेशनला तेच येणार. खरंच गप्प बसू का?

तिरकस
काकू, वाईट वाटेल पण सांगतो. ख्वाजा युनूस आठवतोय? घाटकोपरच्या २००२ च्या बॉम्बस्फोटात उचलला, जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की जीपला अपघात झाला आणि तो पळाला. पण तो कोठडीतच मेला असा आरोप झाला, पुढे चार पोलिसांवर खटला उभा राहिला, २००४ मध्ये निलंबन झालं. आणि जून २०२० मध्ये, कोविडच्या धामधुमीत, त्यांना परत सेवेत घेतलं. त्यातला एक सचिन वाझे. २०२१ मध्ये तो बडतर्फ झाला तो या प्रकरणात नाही, अंबानींच्या अँटिलिया या घराबाहेरच्या स्फोटकांच्या. त्या पोराची आई कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली. तुमच्या पोराचे तळवे महिन्याभरात बरे होतील. बघा बुवा.

निवृत्त हवालदार
वरच्या साहेबांनी सांगितलं ते खोटं नाही. पण ताईंनी विचारलंय काय करू, आणि हे म्हणतात रडत बसा.

ताई, मी ३३ वर्षं खात्यात काढली. त्यातली पाच डिटेक्शनला, म्हणजे गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या पथकात. त्या खोलीत काय चालतं ते मला तुम्ही सांगायला नको आणि मी तिथे फार शहाण्यासारखा वागलो असंही नाही. म्हणून आतली बाजू सांगतो.

पहिली गोष्ट, ते "नाव सांगा" विसरा. नाव शोधणं तुमचं काम नाही. कोण, कधी, कुणाला घेऊन आलं याची नोंद स्टेशन डायरीत व्हायला हवी. झाली असेल तर नावं तिथे आहेत. झाली नसेल तर साडेदहा ते पावणेतीन एक माणूस ठाण्यात होता आणि डायरीला पत्ताच नाही, याचं उत्तर सीनियर पीआयला, म्हणजे ठाण्याच्या प्रमुखाला, द्यावं लागेल. ते जास्त जड जातं. तुम्ही फक्त दिसलं ते लिहा. एकाची उंची, दुसऱ्याची दाढी, मोटरसायकलचा रंग, कोण कोणाला काय नावाने हाक मारत होतं.

दुसरं, कॅमेरे. मुलगा म्हणेल त्या खोलीत कॅमेरा नव्हता. नसू दे. सुप्रीम कोर्टाने २ डिसेंबर २०२० ला परमवीर सिंग सैनी खटल्यात हुकूम केलाय की ठाण्याचं गेट, आत-बाहेर जायच्या वाटा, व्हरांडा, लॉकअप, ड्यूटी ऑफिसरची खोली, सगळीकडे कॅमेरे हवेत, आवाजासकट. रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, यंत्रात तेवढी सोय नसेल तरी एक वर्षाच्या खाली नाही. तुम्हाला खोलीतलं काय करायचंय? गेटवरचं पुरे. साडेदहानंतर स्वतःच्या पायाने, बूट घालून आत गेला. पावणेतीनला बापाच्या चपला घालून लंगडत बाहेर आला. यापुढे कोणी काय बोलायचं ते बोलो.

पण ते रेकॉर्डिंग "तांत्रिक बिघाडामुळे उपलब्ध नाही" व्हायला वेळ लागत नाही. म्हणून आजच अर्ज करा की या तारखेचं, या वेळेचं फुटेज जपून ठेवावं. ठाण्यात देऊ नका, तिथे तुम्हाला दोन तास बसवून ठेवतील. परिमंडळाच्या डीसीपी (उपायुक्त) ऑफिसात आवक टेबल असतं, तिथे द्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. शिक्का मारणारा बिचारा कारकून आहे, त्याच्याशी वाद नको.

आणि हो, जिन्यावरून पडलेल्या माणसाचं ढोपर फुटतं, कोपर सोलतं, मनगट मुरगळतं. दोन्ही तळवे सारखे काळेनिळे होत नाहीत. हे कुठल्याही डॉक्टरला कळतं, फक्त त्याला विचारावं लागतं.

भोईवाडा कोर्ट
हवालदारसाहेबांनी माझं निम्मं काम केलं. मी या कोर्टात फौजदारी वकिली करतो, बाकीचं सांगतो.

आज संध्याकाळच्या आत मुलाला परत हॉस्पिटलात न्या, कॅज्युअल्टीला. स्पष्ट सांगा, "सोमवारी रात्री पोलिसांनी पट्ट्याने मारलं, परवा भीतीने खोटं सांगितलं." एमएलसी, म्हणजे मारहाणीची कायदेशीर वैद्यकीय नोंद, करायला सांगा. मार किती दिवसांचा आहे ते रंगावरून डॉक्टर लिहू शकतात, पण जांभळ्याचा हिरवा-पिवळा झाल्यावर तेच काम कठीण होतं. पहिला केस पेपर फाडू नका, लपवू नका. तक्रारीत तुम्हीच त्याचा उल्लेख करा आणि तेव्हा का खोटं बोललो ते दोन ओळींत लिहा. पलटलेल्या जबाबाची भीती लपवणाऱ्याला असते.

"तक्रार नाही" असं लिहून दिलं म्हणून घडलेला गुन्हा पुसला जात नाही. रात्री पावणेतीनला पोरगा आत आणि बाप बाकड्यावर असताना घेतलेली सही कोणत्या परिस्थितीतली आहे, हे न्यायाधीशांना वेगळं समजावावं लागत नाही.

आता कायदा. अटक केली असती तर अटकेचा मेमो, घरच्यांना कळवणं, वैद्यकीय तपासणी हे सगळं डी. के. बसू निकालापासून, म्हणजे १९९६ पासून बंधनकारक आहे आणि आता ते (सीआरपीसीच्या जागी आलेल्या) नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. अटक नव्हती, नुसती चौकशी होती म्हणत असतील तर लेखी नोटीस कुठे आहे? दोन्हीपैकी एक तरी कागद हवा आणि तुमच्या बाबतीत एकही नाही. कबुलीसाठी मारहाण हा (आयपीसीच्या जागी आलेल्या) न्याय संहितेच्या कलम १२० चा गुन्हा आहे. दखलपात्र, म्हणजे कोर्टाला न विचारता पोलिसांना तपास करता येतो अशा गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर घ्यायचाच, हे ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये घटनापीठाने सांगितलंय. तेव्हा एनसीवर समाधान मानू नका. ठाण्याने नाकारलं की तीच तक्रार डीसीपींना टपालानेही पाठवता येते, आणि तिथेही हललं नाही तर प्रतिज्ञापत्र जोडून मॅजिस्ट्रेटकडे.

इथे एक मेख आहे. जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल तक्रार असेल तर मॅजिस्ट्रेट आधी वरिष्ठांचा अहवाल मागवतात आणि त्या नोकराचं म्हणणंही बघतात. त्यात वेळ जातो. खटल्याला सरकारची मंजुरी लागते की नाही यावरही समोरचा वकील भांडणार. आमचं उत्तर ठरलेलं, पट्ट्याने मारणं हे कर्तव्य नव्हे. आणि मंजुरी लागतेच म्हटलं तरी आता सरकारला १२० दिवसांत ठरवावं लागतं, नाहीतर ती दिली असं धरलं जातं. पूर्वी फाईल वर्षानुवर्षं मंत्रालयात झोपायची.

आमच्यातलेही बरेच वकील विसरतात ते महाराष्ट्र पोलिस अधिनियमाचं कलम १६१. अधिकाराच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला किंवा दावा सहा महिन्यांच्या आत. नंतर फौजदारी करायची तर सरकारची परवानगी, तीही दोन वर्षांपर्यंतच. पट्ट्याचा मार अधिकारात बसतो का यावर आपण भांडू, पण भांडायची वेळच कशाला येऊ द्यायची? "खात्याची चौकशी चालू आहे, निकाल येऊ द्या" असं सांगून नेमके हेच सहा महिने घालवले जातात.

त्याच वेळी राज्य पोलिस तक्रार प्राधिकरणाकडेही अर्ज करा. प्रकाश सिंग खटल्यातल्या २००६ च्या आदेशामुळे ही प्राधिकरणं आली, आपल्याकडे २०१४ च्या दुरुस्तीने. निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष असतात, आणि नियम न पाळता डांबून ठेवणं हे त्यांच्या यादीत आहेच. ते शिक्षा देत नाहीत, सरकारला अहवाल देतात, हे आधीच माहीत असू द्या. मानवी हक्क आयोगाला घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे.

तिरकस यांना एवढंच. तुम्ही युनूस सांगितलात, मी लखनभैया सांगतो. ११ नोव्हेंबर २००६ ला पोलिसांनी त्याला गुंड म्हणून वाशीहून उचलला आणि वर्सोव्याला मारून चकमक दाखवली. त्याचा भाऊ वकील. उचलल्याचं कळताच त्याने त्याच दिवशी, चकमकीची बातमी यायच्या आधी, तारा आणि फॅक्स पाठवले. त्या तारांवरची वेळ कोणाला खोडता आली नाही. २०१३ मध्ये २१ जणांना जन्मठेप, त्यांत १३ पोलिस. सुटले एकटे पोलिस अधिकारी प्रदीप शर्मा, आणि १९ मार्च २०२४ ला हायकोर्टाने त्यांनाही जन्मठेप दिली. ते अपिलात गेलेत. सतरा वर्षं लागली, नाकारत नाही.

तिरकस
सतरा वर्षं, आणि भाऊ वकील होता. काकूंचा पोळ्यांचा गाळा आहे. एवढंच म्हणतोय.

निवृत्त हवालदार
गाळा आहे म्हणूनच शिक्का घ्यायला सांगतोय ना, राव.

पोळीभाजीवाली, लालबाग
सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी लिहितेय.

त्याच संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो. डॉक्टर मुलगी होती, माझ्या पोरापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने पहिला पेपर वाचला, तळवे बघितले, आणि काही न बोलता त्याला स्टुलावर बसवून दोन्ही पाय उजेडाकडे धरायला सांगितले. मग म्हणाली, "आता सांग." या वेळी त्याने सांगितलं. एमएलसी झाली.

डीसीपी ऑफिसात पहिल्या दिवशी "साहेब बंदोबस्ताला गेलेत" म्हणून परत पाठवलं. मला साहेब नकोत, शिक्का हवाय, हे दुसऱ्या दिवशी म्हटलं. मिळाला. फुटेजचा अर्ज वेगळा दिला, त्याच्यावरही शिक्का घेतला.

तीन दिवसांनी दुपारी एक शिपाई गाळ्यावर आला. मुलाचा फोन पिशवीत घालून आणला होता. म्हणाला, सही करा, आणि साहेब एकदा भेटायला बोलावतायत, गैरसमज झालाय, मिटवून टाकू. फोन घेतला, सहीखाली तारीख आणि वेळ मी माझ्या हाताने लिहिली. भेटायला यायचं तर लेखी बोलावणं आणा म्हटलं. माझे हात पिठाचे होते म्हणून बरं, थरथरलेले दिसले नाहीत. त्याने चार पोळ्या बांधून घेतल्या आणि पैसे काढून दिले. खाकीतल्या माणसाने या गाळ्यावर पैसे देण्याची ही पहिलीच वेळ.

काल एसीपी (सहायक आयुक्त) ऑफिसातून पत्र आलंय, शुक्रवारी अकराला मुलाचा जबाब घ्यायचाय. हे म्हणतात मी येत नाही, मला बघून त्या सहीचं काढतील. मुलाबरोबर वकील आत बसू शकतो का?

भोईवाडा कोर्ट
तो आरोपी नाही, तक्रारदार आहे, हे आधी त्याच्या डोक्यात बसवा. आत मला बसू देतीलच असं सांगत नाही, पण दाराबाहेर मी असेन आणि जबाब वाचल्याशिवाय तो सही करणार नाही. मराठीत घ्यायला सांगायचं. ह्यांना आणाच, त्या सहीचं त्यांनीच सांगितलेलं बरं. साडेदहाला कोर्टाच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर या. दोन्ही केस पेपरच्या मूळ प्रती आणा, पहिला पण. फीचं नंतर बघू.