पत्र्याच्या शेडमध्ये आतून पाणी ठिबकतंय, मदत हवी आहे

मंडळी, कळंब्याला घरामागं बागेत १० बाय ८ ची पत्र्याची शेड हाय, खुरपी, विळे, फवारणी पंप, खताची पोती सगळं त्यातच. पाऊस नसला तरी पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूनं थेंब टपटपतात. आधी वाटलं गळतंय म्हणून सगळे स्क्रू सील केले, पण तसं नाही, रात्री पत्रा गार पडतो आणि आतल्या दमट हवेचं पाणी त्याला धरतं. खाली नुसती मुरूम टाकलेली जमीन, त्यावर रात्रभर प्लास्टिकचा कागद पसरून बघितला तर सकाळी कागदाच्या खालून चिंब ओला, म्हणजे ओल जमिनीतनं पण येत्या. युरियाचं पोतं दगड झालंय आणि वडिलांच्या हातचा जुना विळा गंजला, त्याचं लई वाईट वाटलं.

आता प्लास्टिक अंथरून वर कोबा करावा का आधी वर समोरासमोर जाळीच्या खिडक्या पाडाव्यात? आपल्याकडं जून ते सप्टेंबर बाहेरचीच हवा ओली, मग खिडक्यांचा उपयोग होतो का? पत्र्याखाली फॉइलचं इन्सुलेशन कुणी लावलंय का, उंदीर कुरतडतात का ते? अनुभव असलेल्यांनी प्लीज सांगा, पावसाळ्याआधी काम उरकायचंय.