केंड, बॉक्सफिश आणि सनफिश एकाच गणात कसे काय?

निळाई:
गेले दोन आठवडे पफरफिशवर, म्हणजे केंड माशावर वाचत बसलीये आणि जेवढं वाचतेय तेवढा गोंधळ वाढतोय. मला वाटायचं फुगतो तो केंड, एवढं सोपं आहे. मग कळलं काटेवाला पॉर्क्युपाइनफिश पण फुगतो पण त्याचं कुळ वेगळं, बरं तेही समजलं. पण तो अवाढव्य चपटा सनफिश, मोला, जो फुगतही नाही आणि ज्याला धड शेपूटही नाही, तो याच गणात? आणि बॉक्सफिश, ट्रिगरफिश पण? नावं पाठ करायची नाहीयेत, हे कशावरून ठरवलं ते समजून घ्यायचंय.

खडकावरचा_खेकडा:
फुगणं आधी बाजूला ठेव, गोंधळ तिथूनच होतो. तोंडात बघ. गणाचं नाव टेट्राओडॉन्टिफॉर्मिस, टेट्राओडॉन म्हणजे चार दात. केंडाचे दात एकमेकांत मिसळून चोच झालेली असते, वर दोन पट्ट्या, खाली दोन, मधे फट. पॉर्क्युपाइनफिशला मधली फटच नाही, म्हणून वर एक खाली एक, तो डायोडॉन, दोन दातवाला. आणि मजा म्हणजे मोलाची चोचही अशीच, फट नसलेली. मधे एक ट्रायोडॉन पण आहे, वर दोन खाली एक, त्या कुळात आज एकच जात उरलीये, पोटाखाली पंख्यासारखा मोठा पडदा असलेली. मला तर सगळ्या गणात तोच सगळ्यात भारी वाटतो.

ट्रिगरफिश, फाइलफिश, बॉक्सफिश यांना चोच नाही, सुटे दणकट दात असतात, पण बाकीच्या खुणा जुळतात. कल्ल्यांचं भोक अगदी लहान, चिरेसारखं, तोंड लहान, मणके कमी (मोलाच्या पाठीत फक्त १६!) आणि खवल्यांचं भलतंच काहीतरी झालेलं. पॉर्क्युपाइनफिशमधे खवल्याचे काटे झाले, बॉक्सफिशमधे षटकोनी तुकडे जुळून कडक पेटी झाली ज्यातून फक्त तोंड डोळे पर आणि शेपूट बाहेर. एकाच सामानातून किती वेगवेगळ्या वस्तू बनल्यात बघ.

मत्स्यवेडी:
खेकड्याने छान सांगितलं, मोलाबद्दल थोडं माझं. त्याची पिल्लं बघ, काही मिलिमीटरची असतात आणि अंगभर काटे, बघणाऱ्याला ती केंडाच्या घरातलीच वाटतात. मोठं होताना काटे जातात आणि शेपटीच्या जागी पाठीच्या अन् खालच्या पराच्या काड्या वाढून सुकाणूसारखी झालर तयार होते. २०२१ मधे अझोर्स बेटांजवळ याच्याच भावकीतला एक, मोला अलेक्झांड्रिनी, मेलेला सापडला तो २७४४ किलो भरला, आणि याच गणात ३ सेंटीमीटरचा गोड्या पाण्यातला पिटुकला केंड पण आहे. एका गणात एवढी तफावत, मला अजून विश्वास बसत नाही.

निळाई:
आई गं, पिल्लांना काटे! हे कुठेच वाचलं नव्हतं. मग फुगतात नक्की कोण कोण? आणि ती एकूण कुळं किती, कुठे ९ लिहिलंय कुठे १०.

खडकावरचा_खेकडा:
९ की १० चा वाद बॉक्सफिशवरून आहे, काही जण त्याचं एकच कुळ धरतात काही दोन. जाती सगळ्या मिळून ४३० च्या आसपास, त्यातले जवळपास २०० एकटे केंडच.

पूर्ण फुगतात फक्त केंड आणि पॉर्क्युपाइनफिश. भराभर पाणी गिळून पोटात भरतात, आणि यांना बरगड्या नाहीत, कमरेचं हाड पण नाही, म्हणून अंग गोळ्यासारखं ताणलं जाऊ शकतं. ट्रिगरफिशची युक्ती वेगळीच, पाठीवरचा पहिला काटा उभा करतो आणि मागचा छोटा काटा त्याला अडसर घालतो, मग खडकाच्या फटीतून त्याला ओढून काढता येत नाही, अडसर खाली दाबला की पहिला काटा पडतो, नाव त्यावरूनच.

सागरगोटा:
विषाचा विषय राहिला. केंडातल्या विषाचं नाव टेट्रोडोटॉक्सिन, ते केंडाच्या कुळावरूनच आलंय, पण हे विष बनवतात जिवाणू, माशात ते मुख्यतः खाण्यातून साठतं. विषमुक्त खाणं देऊन पाळलेल्या केंडात विष जमत नाही. ते नसांमधले सोडियमचे मार्ग बंद करतं आणि त्यावर उतारा नाही. म्हणून फुगलेला दिसला की विषारीच असं धरू नका आणि फुगत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका, बॉक्सफिश घाबरला की कातडीतून वेगळंच विष सोडतो, त्या टाकीतले बाकीचे मासे मरतात, कधीकधी तो स्वतःसुद्धा.

निळाई:
खूप आभार सगळ्यांचे. आता ट्रायोडॉनचा नीट फोटो शोधतेय, तो पोटाखालचा पडदा उघडलेला असेल असा. कोणाकडे असेल तर इथे टाका ना.