जेम्स कॉटनचा 'डीप इन द ब्लूज': घसा गेला, मग राहिलं काय?

दहा_भोकी

परवा ताम्रपट यांनी लिहिलं की अमेरिकेतल्या ब्लूज संगीतातला गायक आणि माउथ ऑर्गनवाला कॉटन, त्याच्या या १९९६च्या अल्बमला ग्रॅमी मिळालं ते निव्वळ दयेपोटी. घसा गेलेला माणूस गातोय, अँप (अँप्लिफायर) नाही, ड्रम नाहीत, 'मी तर अर्ध्यातच बंद केला'. दोन दिवस गप्प बसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना.

अर्ध्यात बंद केलात, मग हेडनचा बास तरी नीट ऐकलात का? अल्बमचा सगळा डोलारा तीन माणसांवर उभा आहे: कॉटन, गिटारवर जो लुई वॉकर आणि डबल बासवर चार्ली हेडन. हेडन म्हणजे सॅक्सोफोनवाल्या ऑर्नेट कोलमनबरोबर वाजवलेला जॅझवाला. तो लहानपणी घरच्यांबरोबर रेडिओवर गायचा. पंधराव्या वर्षी पोलिओने त्याचा गळा धरला आणि गाणं सुटलं. कॉटनचा घसा कॅन्सरने नेला होता. ज्याचं गाणं पोरवयात सुटलं तो माणूस इथे दुसऱ्याच्या खरखरीत आवाजाखाली बास धरून उभा आहे, आणि एक सूर जास्तीचा वाजवत नाही.

आता अँप. १९५२ साली 'ज्यूक'मध्ये लिटल वॉल्टरने माउथ ऑर्गन अँपवर वाजवून काय केलं हे मला ठाऊक आहे, मीही त्याच्यावरच वाढलेय. पण माइक मुठीत आवळून वाजवलं की श्वास, पंजाची उघडझाप, जिभेचा फटका, सगळं एका जाड थरात मिसळून जातं. या अल्बममध्ये ते सुटं सुटं ऐकू येतं. पंजा उघडताना सूर कसा मोकळा होतो तेही कळतं.

ताम्रपट

बाई, मी कॉटनचा शत्रू नाही. १९६०चं न्यूपोर्ट जॅझ महोत्सवाचं रेकॉर्डिंग काढा. ब्लूज गायक मडी वॉटर्स 'गॉट माय मोजो वर्किंग' गातोय आणि मागे पंचविशीतला कॉटन. माउथ ऑर्गन फुटेल की काय असं वाटतं. स्टेजवर कोलांट्या मारणारा माणूस होता तो. त्याला या अवस्थेत ऐकणं मला सोसत नाही.

आमच्या गावच्या उत्सवात एक बुवा ऐंशीच्या पुढेही गात राहिले. दोन ओळींत दम लागायचा. लोक मान डोलवायचे आणि मांडवाबाहेर येऊन हळहळायचे. मी पेटीच्या मागे बसलेलो असायचो, मला त्यांचा चेहरा दिसायचा. त्यांना सगळं कळत होतं. त्यांना कुणी प्रेमाने थांबवायला हवं होतं. तेव्हापासून उतारवयातल्या गाण्याला टाळ्या वाजल्या की माझ्या पोटात तुटतं.

पेटीमास्तर

अल्बम ऐकलेला नाही, पण 'मुंबईकर' या नावाने कुणीतरी मागे इथे लिहिलं होतं की माउथ ऑर्गनवर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघते, पेटीवर नाही. त्याचं उत्तर राहिलं होतं, ते आज देतो.

ज्या पेटीला 'मींड नाही, श्रुती नाहीत' म्हणून १९४० ते १९७१ आकाशवाणीने दाराबाहेर ठेवलं, तिच्यातही रीडच आहे आणि तुमच्या त्या दहा भोकांतही रीडच आहे. गोविंदराव टेंब्यांची पेटी ज्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, त्याच महाराष्ट्रातली माणसं आज 'बेंड, बेंड' (तोंडाने सूर वाकवणं) करत पेटीला नावं ठेवतात. चीड येते.

दहा_भोकी

मास्तर, पेटीला नाव मी कुठे ठेवलं? पण रीड एकच म्हणून काम एक होत नाही. पेटीत हवा भात्यातून येते, रीडशी तुमच्या तोंडाचा संबंध नाही. माउथ ऑर्गनच्या एका भोकात दोन रीड असतात, फुंकायची आणि ओढायची. घशाचा आणि जिभेचा आकार बदलला की दोन्ही मिळून सूर खाली येतो.

सीचा माउथ ऑर्गन घ्या आणि जी ला सा धरा, ब्लूजवाले तसंच वाजवतात. तिसरं भोक आत ओढलं की शुद्ध ग. तिथून तोंडानेच उतरत जायचं: कोमल ग, रे, कोमल रे. चार सूर एका भोकात, आणि मधली सगळी जागा मोकळी. ब्लूजचा गंधार त्या मधल्या जागेत राहतो, कोमल आणि शुद्धच्या दरम्यान. आपल्याकडे बहुतेक जण क्रोमॅटिक, म्हणजे बटण दाबून मधले सूर काढायचा माउथ ऑर्गन वाजवतात, म्हणून हे कानावर पडत नाही.

पेटीमास्तर

मधली जागा पेटीवरही आहे! डॉ. विद्याधर ओकांची बावीस श्रुतींची पेटी ऐकली आहे का? नसेल तर आधी ऐका आणि मग लिहा. दर वेळी पेटी म्हणजे ठोकळा असं गृहीत धरून सुरुवात करायची ही सवय वाईट आहे.

तिसरी_घंटा

मास्तर, ओकांनी श्रुती दिल्या, मान्य. पण एका श्रुतीवरून दुसरीवर घसरत जाता येतं का? नाही येत. मींड म्हणजे तो प्रवास. तुम्ही प्रत्येक चर्चेत हेच करता, सारंगीच्या वेळीही केलं होतं.

पेटीमास्तर

सारंगीच्या वेळी मी बरोबर होतो. आणि तुम्ही नाटकवाले, नाटकं पायपेटीवर जगली हे विसरू नका. माझ्या वडिलांची पेटी आकाशवाणी केंद्रावरून परत पाठवली होती. ऑडिशनला नाही, दारातूनच. तो माणूस पेटी खांद्यावर घेऊन चालत घरी आला. तुम्ही मला मींड शिकवू नका.

कडूगोड

भांडण थांबवा, मला मूळ मुद्द्यावर बोलायचं आहे.

बाबांच्या गळ्याला रेडिएशन झालं होतं. पस्तीस वेळा. ते दर गुरुवारी भजनाला जायचे, वरचा सा त्यांचा. नंतर आवाज वाळूसारखा झाला. लाळ सुटायची नाही, जवळ पाण्याची बाटली लागायची. मंडळातल्या एकांनी प्रेमानेच सांगितलं, 'आता तुम्ही टाळ धरा.' ताम्रपट, अगदी तुम्ही म्हणता तसं प्रेमाने. बाबा टाळ धरायला गेले नाहीत. ते गुरुवारचे घरीच बसले, खिडकीशी. आई वारली तेव्हा अभंग त्यांनीच म्हटला, त्याच आवाजात. तो आवाज मला कधी पडलेला वाटला नाही.

कॉटन अल्बमच्या वेळी एकसष्टचा होता. पोरवयात माउथ ऑर्गनवाल्या सनी बॉय विल्यमसनच्या घरी राहून शिकला, बारा वर्षं मडीकडे काढली. त्याला 'आता फक्त वाजव' असं कुणी म्हणायचं?

ताम्रपट

कडूगोड, बाबांबद्दल वाचलं आणि बराच वेळ काही लिहिता आलं नाही. 'प्रेमाने थांबवावं' हे मी फार सहज लिहून गेलो. आमच्या बुवांना थांबवायला हवं होतं, हे मी अजूनही म्हणेन, ते त्यांच्या चेहऱ्यावर वाचलं होतं मी. पण तुमच्या बाबांना नाही.

रात्री अल्बम पहिल्यापासून लावला, हेडफोन घालून. ग्रॅमीबद्दलचं मत बदललेलं नाही, तेवढ्या तोलाचा तो मला वाटत नाही. हेडनचं माहीत नव्हतं. ओळ सुरू करण्याआधी कॉटन हवा आत घेतो ती ऐकू येते, आणि त्याच हवेवर पुढे माउथ ऑर्गनही बोलतो. गाण्यासाठी न पुरणारा श्वास वाजवायला कसा पुरतो, हे कळायला मला दोनदा ऐकावं लागलं. अँप असतं तर हे कळलं नसतं, एवढं मान्य.

पेटीमास्तर

नातवाच्या माउथ ऑर्गनवर तिसरं भोक करून पाहिलं. सीचाच आहे. पाऊण तासात शुद्ध गंधारावरून जेमतेम खाली सरकलो, सूर थरथरतो आणि ओठ सुजले. पण कोमलच्या थोडा वर एका जागी तो दोन क्षण थांबला. तो गंधार मला माझ्या पेटीवर पन्नास वर्षांत मिळालेला नाही.

आकाशवाणीच्या बंदीबद्दल लिहिलेला एकही शब्द मागे घेणार नाही.