बटेरची पिल्लं पहिल्यांदाच आणतोय, घरी ठोकलेला ब्रूडर चालेल का?

गुहागरवाला:
नमस्कार मंडळी, रविवारी जपानी बटेरची ५० पिल्लं येतायत, एक दिवसाची. गावठी कोंबड्या आमच्याकडे पहिल्यापासून आहेत पण तिथे खुडूक कोंबडीच सगळं बघते, आपण फक्त कणी टाकायची. यांना आईच नाही. ब्रूडर म्हणजे पिल्लांना ऊब द्यायचा खोका, तो प्लायचा २ बाय ३ फुटाचा केलाय, वर कोंबडीजाळी, आत ९ वॅटचा एलईडी, खाली पेपर. पडवीत ठेवणार. पाऊस लागलाय आणि आमच्याकडे जरा वारा सुटला की लाईट गेलीच. खाद्य ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर (अगदी लहान पिल्लांचं) आणलंय, आई म्हणते त्यात सुकटीचा चुरा घाल. घालू का?

तात्या_कुडाळ:
अरे बाबा, बल्ब खयचो लावलंस तो! एलईडीचा उजेड पडेल, ऊब काय मिळायची नाही. जुना पिवळा काचेचा बल्ब शोध, ६० चे दोन लाव म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा आहे. आणि मधोमध नको, एका अंगाला टांग, म्हणजे पिल्लाला गरम झालं तर लांब जाता येतं. पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ डिग्री पाहिजे, तीपण पिल्लाच्या पाठीच्या उंचीला मोजलेली, मग दर आठवड्याला साधारण ३ डिग्री उतरवत जायचं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिसं भरली की बल्ब बंद. खरं सांगू, थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघ. बल्बखाली एकमेकांवर चढून ढीग केला तर थंडी वाजतेय, आणि त्यात खालची गुदमरून मरतात. लांब कोपऱ्यात चोची उघडून बसली तर जास्त गरम होतंय. सगळीकडे पसरून खातायत, लोळतायत, तर हात लावू नको.

आंब्याखालची:
दादा तो पेपर आधी काढा. गुळगुळीत असतो, पाय सरकून फाकतात आणि मग पिल्लू उभंच राहत नाही. पहिले काही दिवस गोणपाट अंथरा, नंतर भाताचं तूस. आणि पाण्याचं भांडं!! बटेरचं पिल्लू जेमतेम ७-८ ग्रॅमचं, बशीभर पाण्यातसुद्धा बुडतं. भांड्यात गोट्या नाहीतर धुतलेले खडे भरा, चोच जाईल एवढीच फट ठेवा.

तात्या_कुडाळ:
गोणपाट कशाला, माझ्याकडे पहिल्या दिवसापासून तूसच असतं.

आंब्याखालची:
चालतं तात्या, पण सुरवातीला खाद्य कुठलं आणि तूस कुठलं ते पिल्लांना कळत नाही, टोचून गिळतात. आणि पावसात तूस ओलं होऊन गठ्ठे होतात, अमोनियाचा वास नाकाला लागला की समजायचं बदलायला उशीर झाला.

खाडीकाठ:
सुकट अजिबात नको, खारवलेली असते, मीठ बाधतं. पण आईंचा मुद्दा अगदीच चूक नाही, बटेरला प्रोटीन कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं, २४ ते २७ टक्के, ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर २२-२३ च्या आसपास असतं. वरून उकडलेलं अंडं बारीक कुस्करून थोडं द्यावं, उरलेलं लगेच उचलायचं. दाणा मोठा असेल तर मिक्सरला फिरवून घ्या. गोणी जमिनीवर नको, झाकणाच्या कोरड्या डब्यात, या हवेत खाद्याला बुरशी धरायला वेळ लागत नाही आणि बुरशीचं खाद्य म्हणजे विषच. आता जाळी. कोंबडीजाळीतून उंदीर आत येतो, साप पण. अर्ध्या इंचाची वेल्डमेश (तारा वेल्डिंगने जोडलेली चौकोनी जाळी) लावा. खोका टेबलावर ठेवून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर लाल मुंग्या पिल्लांना सोडत नाहीत. गावठी कोंबड्यांपासून लांब ठेवा, त्यांचे रोग यांना लागतात. पडवीत वाऱ्याची झोत लागणार असेल तर आतल्या खोलीत घ्या.

गुहागरवाला:
बापरे, बरं झालं विचारलं. वेल्डमेश आणि पिवळे बल्ब उद्याच आणतो. पण रात्री लाईट गेली तर काय? शेगडीत निखारे ठेवू का खोक्याशेजारी?

खाडीकाठ:
निखारे नकोत, बंद खोलीत धुराचा गॅस साठतो, पिल्लंही जातील आणि माणसंही. गरम पाण्याच्या बाटल्या जाड कापडात गुंडाळून खोक्यात ठेवा, वर जाळीवर अर्धं गोणपाट टाका, हवा जायला जागा ठेवून. बाटली थंड झाली की बदलायची. इन्व्हर्टर असेल तर एक बल्ब त्यावर जोडा, पण ६० चा बल्ब बॅटरी लवकर उतरवतो, म्हणून बाटल्यांची तयारी तरीही ठेवा.

आंब्याखालची:
आणि दोन आठवड्यांत उड्या मारायला लागतात हां, झाकण उघडं ठेवून फोन घ्यायला जाऊ नका.