शाळेचे नवे शिस्तीचे धोरण : पालकांची मते

मंडळातील सर्व पालकांना सप्रेम नमस्कार.

हात उगारणाऱ्या मुलाला निलंबित करण्याऐवजी दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून संवादातून प्रकरण मिटवायचे, हा शाळेने शिस्तीच्या धोरणात केलेला बदल आपल्यापैकी बहुतेकांना परिपत्रकातून कळला असेल. मला त्याचा खरा अर्थ माझ्या मुलीकडून कळला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ती सातवीत आहे. मधल्या सुट्टीत वर्गातील एका मुलाने तिची वही फाडली आणि तिने जाब विचारल्यावर तिला ढकलून दिले. दुसऱ्याच दिवशी पहिल्या तासाला दोघांना समुपदेशकांसमोर बसवून ‘संवादवर्तुळ’ घेण्यात आले. मुलाने माफी मागितली, तिने ‘ठीक आहे’ म्हटले, आणि प्रकरण मिटल्याची नोंद झाली. आम्हाला हे सारे संध्याकाळी तिच्याच तोंडून समजले. तिथे बसायची तुझी तयारी होती का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “मला कुणी विचारलंच नाही.”

मुलांना धाकात ठेवावे, असे माझे मत कधीच नव्हते. परंतु ज्याने आगळीक केली त्याला समजून घेण्यासाठी एवढी व्यवस्था उभी राहते आणि जिला त्रास झाला तिने मात्र समजूतदारपणे मान डोलवावी अशी अपेक्षा असते, हे मला अन्यायाचे वाटते. पूर्वी निदान नियम सर्वांना ठाऊक होता : हात उगारला की तीन दिवस निलंबन. तो नियम पुन्हा लागू करावा, अशी मागणी मंडळातील पालकांनी शाळेकडे लेखी करावी, असे मी सुचवते. आपली मते कळवावीत.

सातवीतील मुलीची आई

* * *

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र वाचून वाईट वाटले. मुलीला न विचारता, घरी न कळवता तिला त्या मुलासमोर बसवणे ही शाळेची चूकच आहे. तरीही जुना नियम परत आणण्याच्या मागणीवर मी सही करू शकणार नाही, कारण त्याच नियमाखाली माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी तीन दिवस घरी बसला होता.

त्याने एका मुलाला ढकलले होते, हे खरे आहे. त्याआधी कित्येक आठवडे तो मुलगा आणि त्याचे मित्र याच्या बोलण्याच्या ढबीची वर्गात नक्कल करत होते, हेही तितकेच खरे आहे. पण मुख्याध्यापकांच्या खोलीत त्याला एकच प्रश्न विचारला गेला, ढकललेस की नाही? तो ‘हो’ म्हणाला आणि तेवढ्यावर निर्णय झाला. त्या तीन दिवसांत वर्गात बीजगणिताची सुरुवात झाली आणि पुढचे संपूर्ण सत्र तो त्या विषयात चाचपडत राहिला. नक्कल थांबली नाही, कारण तिच्याबद्दल कुणी चौकशीच केली नव्हती. मला सर्वांत जास्त लागली ती वेगळीच गोष्ट. खरे सांगितल्याने आपलेच नुकसान झाले, असे त्याच्या मनाने घेतले आणि त्यानंतर शाळेतले काहीही तो घरी सांगेनासा झाला. ते मौन सुटायला वर्ष लागले.

हा एका घराचा अनुभव झाला, पण अशा नियमांचा मोठा इतिहासही उपलब्ध आहे. अमेरिकेत १९९४ च्या केंद्रीय कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष शाळेबाहेर ठेवण्याची अट राज्यांना घातली. त्या काळात ‘झिरो टॉलरन्स’ (कोणतीही चूक खपवून न घेता ठरलेली शिक्षा देणे) या नावाने जी वृत्ती रुजली, ती हळूहळू उद्धटपणा आणि किरकोळ भांडणांपर्यंत पोहोचली. टेक्सास राज्यात सातवीतील विद्यार्थ्यांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ ६० टक्के विद्यार्थी बारावीपर्यंत एकदा तरी निलंबित झालेले किंवा शाळेतून काढले गेलेले आढळले, आणि कायद्याने बंधनकारक असलेल्या कारवाया त्यांत सुमारे ३ टक्केच होत्या. बाकी सारे शाळेच्या मर्जीवर घडले होते. नियम कडक असला की तो सर्वांना सारखा लागू होतो, या आपल्या समजुतीला त्या अभ्यासाने मोठा धक्का दिला आहे.

मात्र दुसरी बाजूही मला प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती आपल्या मुलीच्या अनुभवाशी जुळते. पिट्सबर्ग शहरातील ४४ शाळांमध्ये अशा संवादपद्धतीची दोन वर्षे चाचणी झाली आणि रँड या संशोधन संस्थेने २०१८ साली निष्कर्ष मांडले. निलंबनाचे दिवस कमी झाले आणि शाळेचे वातावरण सुधारल्याचे शिक्षकांनी सांगितले. परंतु सहावी ते आठवीच्या मुलांची अभ्यासातील प्रगती खालावली आणि वर्गातले वातावरण सुधारल्याचे विद्यार्थ्यांना स्वतःला जाणवले नाही. आपली मुलगी नेमकी त्याच वयाची आहे. तेव्हा केवळ वर्तुळात खुर्च्या मांडल्या म्हणजे काम झाले, असे मी मुळीच म्हणणार नाही.

आपल्या मुलीला आणि माझ्या मुलाला एकच गोष्ट मिळाली नाही, असे मला वाटते : निर्णयाआधी त्यांचे म्हणणे कुणी ऐकले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील बारावे कलम मुलाला त्याच्यासंबंधीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क देते, आणि अठ्ठाविसाव्या कलमानुसार शाळेची शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असली पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७५ साली ‘गॉस विरुद्ध लोपेझ’ या खटल्यात दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनासाठीदेखील विद्यार्थ्याला आरोप सांगणे आणि त्याची बाजू ऐकणे आवश्यक मानले. आपण शाळेकडे जुन्याची किंवा नव्याची बाजू न घेता हे ऐकून घेणे मागावे, अशी माझी विनंती आहे.

नववीतील मुलाचे वडील

* * *

दादा, नमस्कार.

आपण मुलाविषयी इतके मोकळेपणाने लिहिलेत, त्याबद्दल आभार मानते. तीन दिवस निलंबन ही निदान स्पष्ट शिक्षा आहे, असे मी समजत होते. तिच्यामागे नक्कल करणारी मुले तशीच सुटू शकतात, याचा मी विचार केला नव्हता. सरसकट जुना नियम परत आणावा ही मागणी मी मागे घेते.

आता आपण काय मागायचे, ते नेमके लिहू या. ज्या मुलाला त्रास झाला आहे त्याच्याशी आधी एकट्याने बोलावे आणि तो नको म्हणाला तर समोरासमोर बैठक घेऊ नये, हे माझ्या दृष्टीने पहिले. ‘नको’ म्हणणे मुलांना जड जाते. समुपदेशकांनी दोन खुर्च्या मांडून ठेवल्या की बारा वर्षांची मुलगी हो म्हणणारच. म्हणून हा प्रश्न बैठकीच्या दिवशी न विचारता आधीच, पालकांना कळवून विचारला पाहिजे. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही ‘केलेस की नाही’ यापलीकडे बोलू द्यावे, हे आपले म्हणणे मी जसेच्या तसे मसुद्यात घेतले आहे. माझ्या मुलीने मसुदा वाचून त्यात एक ओळ घालायला सांगितली : बैठकीनंतर पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावे. माफी मागितल्यावर आठवडाभर तो मुलगा नीट वागला आणि मग मित्रांदेखत ‘तक्रारखोर’ म्हणू लागला, हे तिने मला तेव्हा प्रथमच सांगितले. शाळेच्या नोंदीत मात्र हे प्रकरण अजूनही मिटलेलेच आहे.

एका मुद्द्यावर मात्र आपले एकमत नाही, आणि ते झाकून ठेवू नये असे मला वाटते. तोच मुलगा पुन्हा पुन्हा हात उगारत असेल, तर संवाद चालू असतानाही त्याला काही काळ त्या वर्गाबाहेर ठेवण्याची मुभा शाळेला असली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. इतर मुलांना रोज त्याच्या शेजारी बसायचे असते. त्याला घरी पाठवू नये. शाळेतच वेगळ्या खोलीत शिक्षकाच्या देखरेखीखाली त्याचा अभ्यास चालू राहावा, म्हणजे आपल्या मुलाचे बीजगणितात झाले तसे त्याचे नुकसान होणार नाही. ही खोली नावापुरती राहते आणि तिथे मुलांना नुसते बसवून ठेवले जाते, अशी हरकत आपण घ्याल, आणि ती रास्त असेल. म्हणून तिथे विषयशिक्षकाने दिलेले काम आणि ते तपासणारी जबाबदार व्यक्ती असावी, असे मी स्पष्ट लिहिले आहे. हे कलम वगळून पत्र जाणार असेल, तर त्यावर माझी सही नसावी.

मसुदा सोबत जोडला आहे. पालकसभेआधी ज्यांना दुरुस्त्या सुचवायच्या असतील त्यांनी थेट मजकुरातच कराव्यात. दादा, त्या खोलीविषयीच्या परिच्छेदात आपल्या मुलाचे मतही घ्यावे, ही विशेष विनंती; शाळेबाहेर बसवले जाण्याचा अनुभव आपल्यापैकी त्यालाच आहे.

सातवीतील मुलीची आई