चढाई, रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणं), कयाकिंग: मिररलेस कॅमेरा ठेवायचा कुठे?

रानवाट
गळ्यात अडकवला की चढताना कॅमेरा खडकावर आपटतो, सॅकमध्ये टाकला की फोटोची वेळ निघून जाते. मिररलेस आहे, सोबत एक मध्यम झूम. तिन्ही ठिकाणी चालेल अशी एकच सोय असते का? 'ॲक्शन कॅमेरा घे' हे उत्तर नको, तो आहे.

वल्हेकरी
एकच सोय नसते. आधी बघ, पडलास तर अंगाची कुठली बाजू आपटेल. उदाहरणार्थ, सायकलवर माणूस बहुधा पुढे फेकला जातो, म्हणजे छातीवरचा कॅमेरा थेट बरगड्यांवर. मणक्याला टेकून तर कुठलीच कडक वस्तू नको, मध्ये जाड कपडे हवेत.

चढाईत पट्टा तिरका घे, कॅमेरा कमरेच्या मागे, पण मणक्यावर नाही, एका कुशीला ने आणि वरून छातीभोवती दुसरा पट्टा आवळ. झुलणं तिथेच थांबतं. शिवाय पातळ दोरीने तो हार्नेसच्या (कमरेला बांधायच्या सुरक्षा पट्ट्याच्या) गिअर लूपला, म्हणजे सामान अडकवायच्या कडीला बांध. बिले लूप, म्हणजे पुढचा मुख्य, माणसाचं वजन पेलणारा फास, मोकळाच राहू दे. लोक ही दोरी कॅमेरा वाचावा म्हणून लावतात, मी खालच्या माणसासाठी लावतो. 30 मीटरवरून सुटलेली वस्तू खाली पोचते तेव्हा तिचा वेग ताशी 80 किलोमीटरच्या वर असतो.

रॅपलिंगला मात्र कॅमेरा सॅकच्या आत. लोंबणारा पट्टा डिसेंडरमध्ये (दोरावरून उतरताना वेग आवरणाऱ्या साधनात) ओढला गेला की दोरावर अधांतरी अडकशील.

कयाकमध्ये 'वेदर सील्ड' या शब्दांवर विसंबू नकोस. ते पावसाच्या शिंतोड्यांपुरतं, आणि लेन्सही तशीच असेल तरच. ड्राय बॅगच्या (पाणी आत न जाऊ देणाऱ्या पिशवीच्या) तोंडाला निदान तीन घड्या घाल. बुडायची शक्यता असेल तर हार्ड केसच हवी, आणि बंद करताना रबरी रिंगवरून बोट फिरव: वाळूचा एक कण किंवा डोक्याचा एखादा केस अडकला तरी पाणी झिरपतं. केस कयाकला बांधायची, अंगाला नाही. उलटल्यावर तुला बाहेर पडायचं असतं.

धुकंधुकं
थंडीत जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. गारठ्यातून उबदार खोलीत आल्यावर बॅग लगेच उघडू नका, नाहीतर लेन्सवर दव धरतं. कॅमेरा खोलीइतका कोमट होईपर्यंत आतच राहू दे.

रानवाट
@वल्हेकरी, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर लावायची क्लिप मिळते, ती चालेल? आणि गिअर लूप पुरेसा मजबूत असतो का?

वल्हेकरी
क्लिप पायवाटेवर उत्तम, मीही वापरतो. हात लावायच्या चढाला लागलास की काढ. छातीपुढे कॅमेरा आला की पाय कुठे टेकतोय ते दिसत नाही, आणि खडकाला चिकटताही येत नाही. गिअर लूप माणसाचं वजन पेलायला बनवलेला नसतो, कॅमेऱ्याचं सहज पेलतो. फक्त दोरी इतकी आखूड ठेव की कॅमेरा सुटला तरी गुडघ्याखाली जाणार नाही. लांब ठेवलीस तर पायात येईल.